गुड्डीच्या दंडावरचे वळ

कारध्याला, आमच्या गावी, ऑटोतून उतरताना गुड्डीच्या फ्रॉकची बाही वर सरकली आणि मला ते वळ दिसले. दोन्ही दंडांवर, तिरके, एकमेकांना छेदणारे. जणू दोरी आवळली असावी.

माझी लेक चार वर्षांची. हाताला भात लागला तरी किंचाळते, ओल्या मातीवर पाय टेकत नाही. हळूच कुरवाळलं तर चटका बसल्यासारखं अंग चोरते. अजून मीच भरवते, तेही चमच्यानं. डॉक्टरांनी भंडाऱ्यातल्या एका केंद्रात ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं. जेवणं, कपडे घालणं, खेळणं ही रोजची कामं लेकराला जमावीत म्हणून तिथे उपचार करतात, एवढंच मला कळलं होतं. तृप्ती मॅडम तिला आत घेत आणि दार लावून घेत. आतून आधी रडणं ऐकू येई, मग एकदम शांतता. मला त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटायची.

"बांधून ठेवते थे बाई पोरीले," माझ्या सासूबाई, धुरपताबाई, दंड पाहताच म्हणाल्या. "म्हणूनच चूप होते. अन् तू बाहेर बसून का करून राहिली होती? मोबाइल पाहून राहिली होती?"

"आई, त्या दार लावतात."

"चांगल्या कामाले दार कायले लागते? बंद कर आता. मीच करतो तिले सुधी."

मी केंद्रात जाणं थांबवलं. कारण तोच संशय माझ्याही मनात होता.

आमच्याकडे रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला होता. सासूबाईंनी आपली सगळी लेकरं अशीच रोवणाऱ्या बायांच्या मधोमध, भाताच्या बांधीतल्या चिखलात सोडून वाढवली होती. एकदा चिखल अंगाला लागला की भेव निघून जाते, हा त्यांचा हिशेब. मी शेताच्या धुऱ्यावरून रोपांच्या जुड्या आणत होते, तेवढ्यात त्यांनी गुड्डीला उचलून चिखलात उभं केलं. बाया हसल्या. गुड्डीनं तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. मी जुड्या टाकून धावले.

त्यानंतर तिनं चमचाही तोंडाशी येऊ दिला नाही. बाटलीतून दूध, तेवढंच. मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड.

"त्या बाईनंच भेव भरवला तिच्यात," सासूबाई म्हणत. पण माझ्याकडे बघायचं टाळत.

शेवटी कुणाला न सांगता मी तिला घेऊन केंद्रात गेले. वळ केव्हाच गेले होते, तरी बाही वर करून विचारलं, "इथं दोरी बांधली होती ना तुम्ही?"

तृप्ती मॅडम उठून आतल्या खोलीकडे गेल्या. मग त्यांनी दार सताड उघडलं.

छताला जाळीचा झोका टांगलेला होता, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यासारखा. गुड्डी माझा हात सोडून गेली, स्वतःच त्यात चढली आणि गोळा होऊन पडली. जाळी चहूकडून अंगाला घट्ट बसली. मॅडम दूरच उभ्या होत्या. "झुलवू का, गुड्डी?" त्या थांबून राहिल्या. बऱ्याच वेळानं मान हलली, तेव्हा कुठे त्यांनी झोका दिला. लेकीचा श्वास संथ झाला.

"हलका हात तिला टोचतो, ताई. घट्ट दाब बरा वाटतो. वळ जाळीचे, घटकाभरात जातात."

"मग दार काहून लावता?"

"ती रडली की तुम्ही येऊन उचलाल, म्हणून. पण तुम्हाला आत बसवून दाखवायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

इतक्या लवकर चूक कबूल केली, याचाही मला संशय आला. तरी चिखलाचं सगळं सांगितलं.

"आता आधी कोरडे तांदूळ, हाताला सवय व्हावी म्हणून. तेही तिनं आपणहून हात घातला तर. ती नाही म्हणाली की थांबायचं."

"हातानं जेवेल ना ती?"

"आज नाही सांगू शकत."

आजवर ज्यांनी ज्यांनी हमी दिली, त्यांच्यापेक्षा हे मला जास्त खरं वाटलं.

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. "गेली होतीच ना?"

"गेले होते. पुढच्या वेळी तुम्ही चला, आत बसा. दार उघडं राहील."

"मले का समजते त्यातलं?"

"बांधते का नाही, थे तर समजन."

त्या आल्या. धुवट लुगडं नेसून, ऑटोत तोंड फुगवून बसल्या. पुलावर ऑटो गचकला. त्यांचा हात गुड्डीच्या दंडाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"विचारा तिला," मी म्हटलं.

"गुड्डे, धरू का व?"

"नाही."

"पाह्यलं? नाहीच म्हणते! मंग आता?"

"मग नाही धरायचं."

"पडली त मले बोलू नोको," असं पुटपुटत त्यांनी हात पदराखाली घेतला. आणि तिला लागणार नाही इतक्या अंतरावर, आपला गुडघा तिच्यापुढे आडवा धरून बसल्या.