विल्माच्या उशीपर्यंत गेलेली वायर

त्या हितेंद्राने मला दाढीच्या ब्लेडने कापलं. निदान पक्कड तरी आणायची. इतकी वर्षं घरासाठी राबलेल्या बाईला कापायचंच होतं तर जरा मान राखून कापायचं, एवढीही अक्कल त्या डिप्लोमावाल्याला नाही. कापलं, दोन्ही टोकं गॅलरीच्या पत्र्यामागे कोंबली, हात पँटला पुसले आणि शीळ घालत आत गेला.

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोनची वायर आहे. परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या छताच्या कडेने खिळ्या-खिळ्यांवरून गेलेली. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे शिकले ते माझ्या पोटातून गेलेल्या बोलण्यांतून, आणि ते तुमच्या बुकांपेक्षा कमी आहे असं मला कुणी सांगायला येऊ नये.

जन्म माझा कारखान्यातला. तांबं तापवून ओढलं, ओढून ओढून सुतासारखं केलं, दोन पदर एकमेकांवर पिळले आणि वरून काळं प्लास्टिक चढवलं. दुखलं, पण मी कुरकुरले नाही. लाइनमनच्या खांद्यावर वेटोळं होऊन या चाळीत शिरले, तेव्हा जिन्यापासून पोरं मागे लागली होती, जशी काही मी नवरी.

मला आणलं रखमाने. रखमा मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत. तिने फोनसाठी नाव घातलं तेव्हा तिचा मुलगा रांगत होता, आणि फोन आला तेव्हा तो शाळेतून मार खाऊन घरी येत होता. अख्ख्या मजल्यावर तेवढा एकच फोन. सगळ्यांनी आपापल्या माणसांना आमचाच नंबर देऊन ठेवलेला. घंटी वाजली की रखमा गॅलरीत उभी राहून हाक द्यायची, आणि ती हाक खालच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजावर मात करायची. कुणाला नोकरी लागली, कुणाची पोरगी पसंत पडली, गावाकडे कोण गेलं, सगळं आधी मला कळायचं, मग चाळीला. दसऱ्याला रखमा फोनला झेंडू वाहायची आणि एक फूल माझ्या खिळ्यात खोचायची. असा माझा मान होता.

गॅलरीच्या टोकाला, रखमापासून चार दारं सोडून, विल्मा राहते. तिचे वाडवडील मुंबईचेच, चर्चच्या घंटेवर उठणारे. नवरा बेसिल वारला, मुलगा जेरी मस्कतला नोकरीला गेला, आणि मागोमाग विल्माचे गुडघे गेले. जेरीचा फोन आला की ती भिंत धरून धरून रखमाकडे यायची. पोचेपर्यंत लेकाचं अर्धं बोलणं वाट बघण्यात संपायचं. हे रखमाला बघवेना. तिने लाइनमनला बोलावून सांगितलं, "पॅरलल टाक."

"कुठपर्यंत, आजी?"

"विल्माच्या उशीपर्यंत."

म्हणून माझा एक फाटा चार दारं ओलांडून विल्माच्या खोलीत गेला. नंबर एक, फोन दोन. घंटी दोन्हीकडे वाजणार, मग कुणाचा फोन ते ओळखायचं कसं? ते जेरीनेच ठरवलं. दोन घंट्या द्यायच्या, ठेवायचा, लगेच पुन्हा लावायचा. ती खूण ऐकू आली की फोन विल्माचा. मग रखमा फोनला बोट लावत नसे, कितीही वाजो. "आई-लेकाचं बोलणं आहे, आपण कान कशाला घालायचा?" म्हणायची. विल्माही तशीच ताठ. आलेला फोन घ्यायची. दुसऱ्याच्या लाइनीवरून आपण होऊन फोन लावायचा नाही, हा तिचा बाणा.

पुढे मोबाइल आले आणि मजला मला विसरला. रंगाऱ्याने भिंतीबरोबर मलाही रंगवून टाकलं, जशी मी भिंतीची भेगच. विल्माने मात्र मोबाइल घेतला नाही. तिला आता कमी ऐकू येतं, आणि तो चपटा तुकडा कानाशी धरून बोलणं म्हणजे तिला साबणाच्या वडीशी बोलल्यासारखं वाटतं.

मग हितेंद्राला घरात नेट हवं झालं. हितेंद्र म्हणजे रखमाचा नातू. लाइनमन आला, हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा बसवून गेला, आणि हे साहेब चाळभर सांगत सुटले, "नवीन लाइन आली." कसली नवीन? डबा नवीन, वाट माझीच. फरक इतकाच की माणसांचं बोलणं माझ्यातून खालच्या सुरात जातं आणि हे नेट वरच्या सुरात, कर्कश्श, सारखं धावत असतं. दोघांची मारामारी होऊ नये म्हणून प्रत्येक फोनच्या तोंडाशी एक छोटी पांढरी डबी लावतात. लाइनमनने रखमाच्या फोनला ती लावली आणि दुसरी हितेंद्राच्या हातात ठेवली.

"ही त्या पॅरललला लाव. नाहीतर तिकडचा फोन वाजला की इकडे तुझं नेट पडेल."

"हां हां, लावतो."

लावली नाही. टेबलाच्या खणात टाकली. का, ते मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण तो आपल्या सुशांत नावाच्या मित्राशी माझ्याच पोटातून बोलत होता. "अरे, विल्मा आंटीकडे गेलं की तासभर सुटका नाय. केक खा, जेरीचे फोटो बघ. कोण जाणार?"

पुढच्याच रविवारी हितेंद्र नेटवर मॅच बघत बसला होता आणि जेरीची खूण वाजली. नेट पडलं. हितेंद्र इकडे डब्याला थापट्या मारत होता, आणि तिकडे विल्मा आणि जेरी भांडत होते. जेरीची बायको वेन्डी हिचे दिवस भरत आले होते.

"ममा, तू इकडे ये. खोलीला कुलूप लाव आणि ये."

"बेसिलच्या खोलीला कुलूप? ते मी मेल्यावर लाव."

"बरं, नको येऊस. पण गॉडमदर तूच व्हायचंय, लग्नातच ठरलंय आपलं. तू तिथून हो म्हण, फादर तुझं नाव लिहितील. बाळाला धरायला इथे कोणीतरी उभी राहील तुझ्या वतीने. हो म्हणतेस ना?"

गॉडमदर म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची बाळाची धर्माची आई, एकदा ठरली की बदलत नाही. विल्माने रागाच्या भरात फोन ठेवला. रागच तो, उद्या निवळणारा. पुढच्या रविवारी ती हो म्हणणारच होती. बाळासाठी पांढरा झगासुद्धा शिवून झाला होता. पण त्याच दुपारी हितेंद्र स्टूल घेऊन गॅलरीत आला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. चार दारं चालत जाऊन एक डबी लावण्यापेक्षा त्याला ब्लेड सोपं वाटलं.

पुढचा रविवार आला. जेरीने खूण दिली. माझा रखमाकडचा फाटा जिवंत होता, तिथे घंटी खणखणली. रखमाने ऐकलं, विल्माला उशिरा ऐकू येतं म्हणून घंटी लांबली असं समजून गालात हसली आणि तांदूळ निवडत राहिली. तिकडे विल्मा उशीजवळच्या फोनकडे बघत बसून होती. मी ओरडून सांगणार होते, पण वायरीला स्वतःचा आवाज नसतो. दुसऱ्याचाच वाहायचा असतो, आणि तोही या कार्ट्याने तोडलेला.

जेरीला वाटलं, ममा रुसली म्हणून उचलत नाही, आणि घरचं भांडण रखमाच्या कानी नको म्हणून खुणेशिवाय त्याने लावला नाही. विल्माला वाटलं, लेकाने तोडलं. रखमाला वाटलं, मायलेकरांचं काय ते गूळपीठ चाललंय. मग तर जेरी रोज लावू लागला. रोज दोन घंट्या, थांबणार, पुन्हा घंट्या. रखमाने मोठ्या मनाने रोज हात आवरला आणि हळूहळू तिलाच राग यायला लागला. लेकाशी रोज बोलते, बाळ झालं का नाही ते मला सांगायला हिला तोंड नाही?

एकदा गॅलरीत तिने विल्माला गाठलंच. "काय गो विल्मा, लेकाचे फोन इतके येतात की आमच्याशी बोलायला सवड नाय?"

विल्मा आपल्या दाराकडे वळली. "टोमणे मारतेस, रखमा? मार."

आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दोघी एकमेकींकडे बघेनात. एकाच डब्यातली सुई वापरलेल्या बायका. आणि हितेंद्र आत बसून मॅच बघत होता, एकदाही न अडकता.

मग एका रविवारी चर्चमधून आल्यावर विल्मा भिंत धरत धरत रखमाच्या दारात उभी राहिली. काखेत तिचा फोन, दोरी त्याच्याभोवती गुंडाळलेली. तिने तो रखमाच्या पुढ्यात ठेवला.

"हा घे तुझा. शोभेला ठेवायला माझ्याकडे फुलदाणी आहे."

"काय झालं तुला?"

"मला काय होणार? ज्याला करायचा तो करत नाय, मग उशीशी हे मढं कशाला?"

रखमा काही बोलणार तोच तिच्या फोनची घंटी वाजली. दोनदा. थांबली. पुन्हा वाजू लागली.

"घे," रखमा म्हणाली, "तुझाच आहे. जा लवकर."

विल्मा जागची हलली नाही. "हा इथे असा वाजतो?"

"रोज वाजतो. मी हात लावते होय?"

"माझ्याकडे नाय वाजला, रखमा. भांडण झालं त्या दिवसापासून एकदा पण नाय."

रखमाने तिच्याकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जेरीच्या खुणेवर फोन उचलून विल्माच्या कानाला लावला; विल्मासाठी जेरी मोठ्याने बोलायचा, ते तिलाही ऐकू येत होतं.

"ममा? उचललास. शेवटी उचललास."

"जेरी, माझा फोन वाजतच नव्हता रे."

"मला वाटलं, तू रागावलीस." मग त्याने सांगितलं, "मुलगी झाली, ममा."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. बाप्तिस्मा पण झाला, गेल्या रविवारी. फादरना नाव द्यायचं होतं. तू हो म्हणालीच नाहीस, ममा. मी किती वेळा लावला. मग वेन्डीची बहीण नॅन्सी झाली गॉडमदर."

विल्माने डोळे मिटले. ते नाव आता चर्चच्या वहीत गेलं होतं, आणि तिथे लिहिलेलं खोडत नाहीत.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पोरीला थांबवून ठेवायचं नसतं. केस आहेत का डोक्यावर?"

"खूप आहेत. डॅडींसारखे."

"तेल लावा म्हणावं." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि भिंत धरत निघाली. रखमा सोबत जायला उठली, तर तिने हातानेच नको म्हटलं.

मग रखमा गॅलरीत आली. माझ्यावर हात ठेवून, रंगाच्या पोपड्यांवरून बोटं फिरवत दाराच्या पुढे सरकली, आणि पत्र्यापाशी तिचा हात रिकामा पडला. स्टूल ओढून ती या वयात त्यावर चढली. दोन्ही टोकं बाहेर काढली. कापलेलं तांबं अजून चकचकत होतं.

मित्रांनो, वस्तू जपा म्हणून मी तुमच्यापुढे गळा काढणार नाही. एवढंच सांगते. कुठल्याही वायरीवर हत्यार उचलण्याआधी तिच्या कडेकडेने चालत जा आणि ती कुणाच्या दारात शिरते ते बघून या. आणि दार ठाऊक असून जो कापतो, त्याचं काय करायचं ते आता रखमाकडून ऐका.

ती आत गेली. हितेंद्राने कानातली इअरफोनची बोंडं काढली.

"ही तू कापलीस?"

"आजी, नेट पडत होतं. आणि तिला कोण एवढे फोन करतं? जेरी तर मोबाइलवाला माणूस."

"तिच्याकडे मोबाइल आहे?"

हितेंद्राने खण उघडून ती पांढरी डबी काढली. "जोडून देतो ना आता. डबी पण आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आजी, एवढं काय."

रखमा ओरडली नाही. ती ओरडते तेव्हा पोरं हसतात. त्या दिवशी हितेंद्र हसला नाही.

"जोडशील," ती म्हणाली. "पाच मिनिटांत जोडशील, हात तुझे हुशार आहेत. पण ती बाई रोज त्या फोनकडे बघत, आपण लेकाला नकोशा झालो असं समजत बसली, ते तुला जोडता येतंय का बघ. नातीच्या डोक्यावर ज्या बाईचा हात असायचा तिथे दुसरीचा गेला, तो उचलून इकडे आण. नाय येत ना? मग ऊठ. तिच्या दारात जा आणि 'मी कापली' हे तुझ्या तोंडाने सांग. ती केक देईल. तशीच आहे ती, आजसुद्धा देईल. तो तिच्यासमोर बसून खायचा, शेवटच्या घासापर्यंत, आणि गिळताना लाज कुठे अडकते ते बघायचं. त्याशिवाय माझ्या घरात तुला पाणीसुद्धा मिळणार नाही."