निवड झालेला पाय

शनिवारी इतेन गावात, कामारिनीच्या मातीच्या मैदानावर जेसांग पहिली आली. पंचवीस फेऱ्या, आणि दुसरीच्या पुढे जवळजवळ अर्धी फेरी. एवढं ऐकलंत, आता विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. छावणीच्या दफ्तरात शनिवारच्या रकान्यात ‘हवा कोरडी’ एवढीच नोंद आहे.

कारण या वर्षापासून धावपटू निवडायला कुणी धावण्याची गरज उरली नव्हती. किमोसोप आला होता.

छावणी एका बूट कंपनीची. आत बिछाना, तीन वेळचं मक्याच्या पिठाचं उगाली, कोच, आणि नशिबात असेल तर युरोपातल्या शर्यती. तेवीस वर्षं पूर्ण झाली की दार बंद. जेसांगची ऑगस्टात पूर्ण होणार होती. म्हणजे या खेपेला आत, नाहीतर इतेनच्या हॉटेलात पाहुण्यांचे मोजे धुवत जन्म काढायचा. पाहुण्यांचे मोजे कसे असतात हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती इतकी जोरात धावायची.

किमोसोप इथलाच. शाळेच्या शर्यतीत तो दुसऱ्या दिवशी पोहोचला होता, असं लोक सांगतात. ही लोकांची चांगुलपणाची सवय; तो पोहोचलाच नव्हता. पुढे नैरोबीला जाऊन त्याने पायांचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि पांढरा कोट घालून परत आला. इतेनच्या लाल धुळीत पांढरा कोट घालणारा माणूस एकतर खाटीक असतो, नाहीतर मूर्ख. आणि खाटीक असता तर निदान त्याच्या दारात कुणी आनंदाने गेलं असतं.

त्याची पद्धत सोपी होती. प्रत्येक मुलीने आपले वापरलेले बूट नंबराची चिठ्ठी बांधून गोणीत टाकायचे. तो खोलीत एकटा बसून बुटांचे तळ वाचणार. कुठे झिजलं, कुठे नाही, यावरून पाऊल कसं पडतं ते कळतं. “माणूस थापा मारेल,” तो म्हणायचा, “तळ मारत नाही.”

वाक्य छान होतं. फक्त इतेनमध्ये स्वतःच्या पायाने झिजवलेला बूट असतो कुणाकडे? परदेशी पाहुणे परत जाताना सामान हलकं करतात, बाकीचे बूट बाजारातल्या ढिगातून येतात. बुटाचा पहिला धनी कोण, हे इथे शेळ्यासुद्धा विचारत नाहीत. पण सहा आठवड्यांत माणूस काय काय विसरतो!

जेसांगचे बूट आठच दिवसांपूर्वी तिच्याकडे आले होते. त्याआधी ते बेल्जियमच्या एका दातांच्या डॉक्टरचे होते. वय अठ्ठावन्न, वजन ब्याण्णव किलो, आणि एवढ्या देहाखाली पाय मात्र बाईमाणसाचे. तो इतेनला ‘धावायला’ आला आणि तीन आठवडे हात मागे बांधून चालला. चढ लागला की थांबून ढगांचे फोटो काढायचा.

सोमवारी किमोसोपने सगळ्या मुलींना अंगणात उभं केलं आणि सतरा नंबरचा, म्हणजे जेसांगचा, बूट देवाच्या मूर्तीसारखा वर धरला.

“बघा! आधी टाचेची बाहेरची कड टेकते. मग पाऊल अलगद आत कलतं, भार चवड्यावर येतो, आणि शेवटी अंगठा रेटा देतो. पुस्तकातलं चित्र! निवड या पायाची.”

ते पुस्तकातलंच चित्र होतं. फक्त चालण्याच्या प्रकरणातलं. जेसांगने ते ओळखलं आणि तोंड मिटून घेतलं. नशीब दारात आलं की त्याच्या चालीला नावं ठेवू नयेत.

पण किमोसोपला अहवालाला जोडायला चित्रफीत हवी होती. त्याने जमिनीवर पालथं पडून कॅमेरा धरला आणि जेसांगला पळायला लावलं. तिचं पाऊल पडलं ते करंगळीखालच्या कडेवर. मग चवडा टेकला, टाचेने मीठ चाखावं इतपतच माती चाखली, आणि पाऊल गेलंसुद्धा. किमोसोपने हे संथ गतीने अकरा वेळा पाहिलं.

“तुझा पाय तुझ्या बुटाचं ऐकत नाही,” तो म्हणाला.

“साहेब, पळताना आधी टाच कोण टेकवतं? ती चालायची रीत झाली.”

“बूट मी स्वतः तपासलाय.”

“बूट चालतच होता हो. बेल्जियमचे दातांचे डॉक्टर चालत होते त्यात. मी नंतर घातला.”

छावणीची स्वयंपाकीण कोबिलो मावशी चहा घेऊन आली होती. ती तिथेच थबकली.

“अरे किमोसोप, कोटाच्या आत शर्ट कुणाचा रे तुझ्या? ‘नॉर्वे अग्निशमन दल’ लिहिलंय छातीवर. किती आगी विझवल्यास? तुझ्या आईची चूल मात्र तुझ्या वाऱ्याने विझायची, तेवढं आठवतंय मला.”

“मावशी, हा शास्त्राचा विषय आहे.”

“असेल बाबा. पण पोरगी पहिली आली शनिवारी. फेरीला एक घेवडा असे पंचवीस दाणे मी खिशात टाकलेत.”

“अहवालाला जोडलेत का?”

“जोडणार होते. दुपारी शिजवले.”

“मग पुरावा नाही,” किमोसोप म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर छावणीत आल्यापासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

त्याने निकाल लिहिला. निवड सतरा नंबरच्या पायाची झालेली आहे आणि ती योग्यच आहे. जेसांग नावाची मुलगी त्या पायाशी जुळत नाही, तरी तिने छावणी सोडावी. बिछाना पायाच्या नावे राखून ठेवावा.

“साहेब, पाय तिकडे, बिछाना इकडे,” जेसांग म्हणाली. “झोपणार कोण?”

“ज्याचा असेल तो येईल.”

“आणि कोणीच आलं नाही तर?”

“तशी तरतूद नाही.”

तेव्हापासून बिछान्यावर घोंगडी घडी घालून ठेवलेली असते. तीन वेळा ताट वाढलं जातं आणि तीन वेळा कोबिलो मावशीच्या कोंबड्यांपुढे जातं. त्या कोंबड्या आता पळू शकत नाहीत, पण त्यांचे पाय कुणी तपासलेले नाहीत.

जुलै संपत आला तेव्हा जेसांगने मोज्यांची बादली बाजूला सारली, हात पुसले आणि अर्ज लिहिला:

“प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: निवड झालेला पाय हजर करण्याबाबत. महोदय, आपल्या दफ्तरी निवड झालेला पाय क्रमांक सतरा हा सध्या बेल्जियम येथे दात उपटण्याच्या कामी उभा आहे. तरी सदर पायास त्वरित रुजू होण्याचा आदेश व्हावा. सोबत मालक आल्यास हरकत नाही. मालकांचे वय अठ्ठावन्न असल्याने वयाची अट पस्तीस वर्षांनी शिथिल करावी लागेल, ती करावी. आणि शिथिल केलेल्या पस्तीस वर्षांपैकी एक वर्ष, मालकांना न लागल्यास, अर्जदारास देण्यात यावे, ही नम्र विनंती.”