मिटल्या तोंडाचं गाणं

“आता तासभर स्वस्थ पडून राहायचं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, मोबाईल बघायचा नाही.”

सुई टोचणाऱ्या सिस्टरचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ताईने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. “बघ मुके, तुझं मौन आज माझ्या गळ्यात पडलं!”

सकाळचा जप होईपर्यंत मी बोलत नाही, म्हणून ताईने मला हे नाव ठेवलं. ती स्वतः गाणं शिकवते. तिला गप्प बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं.

पण हल्ली बोलताना तिला शब्द सापडेनासे झाले होते. चमच्याला ‘ते ढवळायचं’ म्हणायची आणि स्वतःच हसायची. मेंदूत गाठ दिसली. लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा, संशय आला. खात्रीसाठी गाठीचा तुकडा काढायला हवा होता आणि गाठ नेमकी वाणीच्या जागेला खेटून. सर्जन म्हणाले, “सुई घालू, पण बोलणं जसंच्या तसं राहील असं सांगता येत नाही. त्याआधी सगळ्या शरीराचा स्कॅन करू. आजार आणखी कुठे सापडला, तर तुकडा तिथूनच घेता येईल.”

म्हणून हे मौन. टोचलेलं औषध साखरेसारखं असतं. ज्या पेशी जास्त राबतात, त्या ते जास्त ओढून घेतात आणि फोटोत उजळतात.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावलं: ताई, भावोजी आणि मी. पडद्यावर ताईचं अख्खं शरीर होतं. “मेंदू सगळ्यांचाच उजळतो,” डॉक्टर म्हणाले, “फार खादाड असतो तो.” पण गळ्यातही दोन ठिणग्या होत्या. भावोजींनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी घाई केली नाही. चित्र सावकाश फिरवून पाहिलं, मग ताईकडे वळले. “सुई दिल्यावर पडल्या पडल्या बोलत होतात?”

“एक अक्षर नाही.”

“नक्की?”

ताई खाली बघत म्हणाली, “गुणगुणत होते जरा. तोंड मिटून. ते काय बोलणं झालं?”

डॉक्टर मोठ्याने हसले. “अहो, स्वरयंत्र राबत होतं ना तुमचं! दोन्ही बाजूंना सारखंच उजळलंय, म्हणून विचारलं.”

“इतकी वर्षं मी हेच सांगतोय,” भावोजींच्या जिवात जीव आला होता. “हिचं तोंड मिटलं तरी बंद होत नाही.”

मग पडद्यावर डॉक्टरांचं बोट डाव्या काखेतल्या ठिणगीशी थांबलं. “सुई कुठल्या हाताला दिली?”

ताईने उजव्या हातावरची पट्टी दाखवली. औषध सुईपाशी सांडलं तर त्याच बाजूची काख उगाच उजळू शकते, एवढ्यासाठी ते विचारत होते. मग त्यांनी डावी काख बोटांनी हळूच चाचपली.

“इथे गाठ आहे. हाताला लागतेय. हिचा तुकडा काढणं सोपं. यात उत्तर मिळालं, तर मेंदूला सुई लावायची गरज नाही.”

तो ‘तर’ त्यांनी गिळला नाही. खोटा धीर नाही, उगाच भीती नाही. मी रोज ज्याच्यापुढे जपाला बसते, त्यानेच हे लक्ष या माणसाच्या डोळ्यांत ठेवलं असणार. माझे हात आपसूक जुळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला काखेतला तुकडा काढायला आत नेत होते. तिने माझं मनगट धरलं.

“मुके, संध्याकाळी माझ्या मुली शिकायला येतील. त्यांना परत पाठवायचं नाही. तू गा.”

“मी? माझा आवाज पुढच्या रांगेलाही पोचत नाही, ताई.”

“मग त्या ते… ते…” शब्द सापडेना. तिने ऐकायला धरतात तसा कानामागे तळहात धरला. “हे करून बसतील. दे वचन.”

“दिलं.”

दार मिटलं. भावोजी बाकावर बसून राहिले. मी पिशवी खांद्याला लावली, जिना उतरले आणि ताईच्या घराकडे चालू लागले, मनातल्या मनात पहिला सूर शोधत.