उशीपर्यंत पोचलेलं प्रवचन

ज्याच्या गाद्यांवर सगळं गाव घोरत होतं, त्या गादीवाल्यालाच झोप येईना. पहिल्या रात्री त्याचं त्यालाच हसू आलं. मग हसू आटलं आणि डोळे तेवढे सताड उघडे राहिले.

त्याच्या हातच्या गादीची ख्याती काय सांगावी! एका न्यायाधीशानं ती खुर्चीवर घालून घेतली. निकाल वाचता वाचता साहेबांना जी डुलकी लागली, ती आरोपीची दाढी पांढरी होईपर्यंत उतरली नाही म्हणतात. आणि अशा कारागिरावर ही पाळी.

कारण साधं होतं. त्याची बायको इस्पितळात होती आणि घरात घोरायला कुणी नव्हतं. तिचं घोरणं म्हणजे ऐसंतैसं नव्हे. त्या तालावर फळीवरचे डबे किणकिणायचे, आणि शेजारचा कुत्रा तर आपणहून बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गल्लीत गेला होता. लग्नानंतरचे पहिले काही दिवस गादीवाल्यानं कानात कापूस कोंबून काढले. त्याच्याकडे कापसाला काय तोटा! पुढे सवय अशी जडली की ते घोरणं थांबलं की त्याला दचकून जाग यायची. आता ते थांबलेलंच होतं. तिच्या काळजाची झडप बिघडली होती.

डॉक्टरांनी ऑपरेशनला सोमवार ठरवला होता. पण शनिवारी बायको फिरली.

"अहो, इकडे उजेडात या. डोळे बघू."

"डोळ्यांना काय झालंय?"

"काल झोपलात?"

"झोपलो की."

"खोटं बोलताना तुमचं नाक हलतं, हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही, कामाला येतं म्हणून." ती उशीला टेकून बसली. "हे डोळे नव्हेत, निखारे आहेत. मी तिकडे टेबलावर आडवी होणार आणि तुम्ही बाहेर बाकावरून घरंगळणार. मग दोघांना उचलणार कोण? माझी बहीण? तिला स्वतःची पिशवी उचलत नाही."

"मग म्हणणं काय तुझं?"

"एक धड झोप काढून या. मग मी हो म्हणते."

"आणि नाही लागली तर?"

"तर डॉक्टरांना म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघा."

ती एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नसे. बाहेर डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, "समजूत काढा त्यांची. आपण थांबू, झडप थांबणार नाही."

गादीवाला दुकानात आला आणि दाभण घेऊन बसला. शिवलेली गादी त्यानं उसवली, कापूस पिंजला, भरला, परत शिवली, परत उसवली. मग दुकानातल्या सगळ्या गाद्या एकावर एक रचून वर चढला. नाक छताला टेकलं, झोप काही टेकली नाही. गाद्यांच्या फटीत शिरलेले उंदीर मात्र गाढ झोपले. त्याचा पाय तर असा थडथडत होता की पलीकडच्या शिंप्यानं येऊन विचारलं, "नवीन मशीन घेतलं काय?"

तेवढ्यात मेव्हणी आली, पिशवी फरपटत.

"भावोजी, उद्या रविवार. चर्चला चला."

"आता प्रार्थना करून..."

"प्रार्थनेला कोण बोलावतंय? झोपायला चला. आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन ऐकलं की दगडसुद्धा पेंगायला लागतो."

ही बढाई नव्हती. मागे एक चोर भर उपासनेत मागच्या दारानं शिरला होता. प्रवचन संपल्यावर तो वेदीमागे सापडला, चांदीचं मेणबत्तीदान कवटाळून, तोंडातून लाळ गाळत. पोलिसांनी उठवलं तर म्हणाला, आणखी थोडं वाचा. तुळईवरची कबुतरं तर रविवारी पंखात मान घालूनच यायची.

लग्नानंतर गादीवाला त्या दारातून आत गेला नव्हता. बायको दर रविवारी जायची. तो म्हणायचा, "माझ्या वाटणीची प्रार्थना तू कर, तुझ्या वाटणीचे टाके मी घालतो." इतकी वर्षं हा सौदा ठीक चालला होता.

पाळकसाहेब उंच, किडकिडीत, अर्धवट जळलेल्या मेणबत्तीसारखे. त्यांनी कागदांची चळत काढली, चष्मा लावला आणि नजर खाली घालून वाचायला सुरुवात केली. "प्रिय बंधूंनो आणि..." एवढ्यात मेव्हणीची मान पडली. मग पुढचा बाक गेला, मग मागचा. पेटी वाजवणारी बाई सुरांवरच कलली आणि एक सूर बराच वेळ रेंगाळून विरला.

गादीवाल्यानं डोळे मिटले. उघडले. परत मिटले. पाय थडथडू लागला, बाक करकरू लागला. तो या कुशीवरून त्या कुशीवर सरकला. वरून वाचन संथ चाललं होतं: सरोवर किती रुंद, वारा कुठल्या दिशेचा, नाव कुठल्या लाकडाची, लाटा किती उंच. उद्या सोमवार. इथंही झोप नाही, तर मग कुठं?

"...प्रभू मात्र नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपला होता. पुढे त्याच्या शिष्यांनी..."

"उशी कशाची होती?" गादीवाला म्हणाला.

प्रवचनात मधेच विचारायचं नसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांच्या हातून कागद सुटले. त्यांनी आधी वर कबुतरांकडे पाहिलं.

"कोण बोललं?"

"मी. गादीवाला."

"तुम्ही जागे आहात?"

"तेच तर दुखणं आहे."

पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली आले, बाकांमधून चवड्यांवर चालत. "हळू बोला, मंडळी उठतील. काय विचारलंत?"

"उशी. कापसाची, लोकरीची की पेंढ्याची? लाटा आत येत होत्या म्हणता. भिजली की उशीचा धोंडा होतो, साहेब. तसल्या उशीवर झोप लागत नाही, हे मी लिहून देतो."

"पण लागली होती," पाळकसाहेब म्हणाले आणि त्याच्याशेजारी टेकले. "मी हे प्रवचन दरवर्षी वाचतो. उशीवरून सरळ पुढं जातो, वादळ थांबतं तिथपर्यंत. तुम्हाला का नाही लागत?"

गादीवाल्यानं सांगितलं. घोरणं, झडप, सोमवार, तिची अट. शेवटी म्हणाला, "खरं सांगू? तिलाही सांगितलं नाही. मला वाटतं, माझा डोळा लागला आणि नेमकं तेव्हाच तिचं काही झालं तर?"

"म्हणजे तिचा जीव तुमच्या पापण्यांवर टांगलाय."

"खुळेपणा आहे, कळतंय मला."

"खुळेपणा नाही. पण पापण्यांना फार जड आहे हो ते." पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. कागद जमिनीवर तसेच पडले होते. "नावेतली माणसं त्याला उठवून काय म्हणाली? आम्ही बुडतोय आणि तुला काळजी नाही? जो झोपला त्याला काळजी नाही, असंच त्यांना वाटलं. पण काळजी त्यालाच सगळ्यांत जास्त होती, आणि तरी तो झोपला होता. वादळ थांबल्यावर नव्हे, वादळ चालू असताना. नाव आपल्या बापाच्या हातात आहे, हे त्याला माहीत होतं. मी इतकी वर्षं सांगत आलो की आशा म्हणजे वादळ थांबणं. उद्या तुमचं थांबेल की नाही, मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? पण त्या नावेत कुणीतरी उशी ठेवली होती. वादळ येणार नाही म्हणून नव्हे. माणूस दमतो म्हणून."

गादीवाल्याचा पाय थांबला होता.

"तुम्ही झोपा," पाळकसाहेब म्हणाले. "तिच्यासाठी मी जागतो. आणि माझ्याही वर एक आहे, त्याला कधी डुलकी लागत नाही."

त्यांनी अंगातला कोट काढून घडी केली. गादीवाल्यानं ती चाचपून पाहिली. "भरण कमी आहे," तो पुटपुटला आणि बाकावर आडवा झाला.

पुढचं सांगतो, पटलं तर घ्या. गादीवाला घोरू लागला. इतकी वर्षं बायकोच्या घोरण्याखाली दबलेलं त्याचं घोरणं त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं सुटलं. रंगीत काचा थरथरल्या, कबुतरं उडाली, पेटीच्या भात्यात आपोआप हवा भरली, आणि सगळी मंडळी खडबडून जागी झाली. पाळकसाहेब कागदाविना उभे होते. जागे डोळे समोर दिसल्यावर त्यांनी उरलेलं प्रवचन बोलूनच पुरं केलं. बाहेर पडताना एक म्हातारा चिडून म्हणाला, "हा माणूस असं बोलतो, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

गादीवाल्याला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. चर्च रिकामं होतं आणि पाळकसाहेब शेजारीच बसले होते, पाठ ताठ, डोळे तांबडे.

बायकोनं त्याला उजेडात उभं केलं. गालावर कोटाच्या बटणाचा ठसा होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"प्रवचन कशावर होतं?"

"उशीवर."

"थापा मारू नका. ते वादळावर असतं. वाऱ्याच्या दिशेपर्यंत मीसुद्धा जागी असते."

"आज उशीपर्यंत गेलं."

तिनं त्याच्या नाकाकडे निरखून पाहिलं. नाक हललं नाही. "बोलवा डॉक्टरांना," ती म्हणाली.

सोमवारी दार बंद झालं आणि त्याचा पाय पुन्हा थडथडू लागला. तो उठला, बसला, पुन्हा उठला, खिडकीशी जाऊन आला. कुणी दार उघडलं की तो पुढं धावायचा. आतून नुसती ट्रे घेतलेली नर्स निघायची. थोड्या वेळानं पाळकसाहेब आले. डोळ्यांत कालचं जागरण तसंच होतं.

"आज माझी पाळी," गादीवाला म्हणाला आणि सकाळीच शिवलेली उशी पुढं केली. "कापसाची आहे. मी जागतो, तुम्ही टेका."

पाळकसाहेब टेकले आणि लगेच झोपी गेले. गादीवाला दाराकडे बघत राहिला. पाय हलतच होता, पण आता तो पळून जाऊ बघत नव्हता. भिंतीवरचं घड्याळ कुणी पाण्यात भिजवल्यासारखं जडशीळ चाललं होतं.

मग आतून, दोन दारांच्या पलीकडून, एक बारीक घरघर आली. तो उभा राहिला. घरघर जवळ आली. औषधांच्या गाडीवरच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणू लागल्या.

दार उघडून नर्स आली, जरा घाबरलेली. "सगळं नीट झालंय. पण हा आवाज... हे नेहमीचंच का?"

"नेहमीचंच," गादीवाला डोळे पुसत म्हणाला. "आज जरा हळू आहे. वाढेल."