फोटोसकट बुके

आमच्या एवढ्याशा गावात फुलांचं दुकान चालेल असं कुणालाही वाटलं नव्हतं. मलासुद्धा नाही. ज्याच्या त्याच्या दारात फुलझाड, विकत कोण घेणार? पण पोरं शिकली, लांब गेली, आणि माझं दुकान धावायला लागलं. कारण गेलेली पोरं येत नाहीत, बुके पाठवतात. आईचा वाढदिवस, बुके. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन, बुके. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाने तो काय चाटायचाय? येतो म्हणून आले नाहीत की मग मोठा बुके. जेवढं पाप मोठं तेवढा बुके मोठा, हा माझा अनुभव आहे. मी तोंडावर बोलते म्हणून गाव मला फटकळ म्हणतं. म्हणू दे. त्या पापावरच माझी चूल पेटते, हेसुद्धा मी तोंडावरच सांगते.

थोरलीच्या मुलाचं मात्र निराळंच होतं.

थोरली म्हणजे पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत शिवणकाम करणारी बाई. दोन भावांच्या दोन बायका, थोरली आणि धाकटी, शेजारी शेजारी घरं. भाऊ दोघेही गेले, बायकांची नावं तीच राहिली. मुलगा शहरात. त्याची दर रविवारची ऑर्डर ठरलेली: गुलाब आणि पांढरी शेवंती, आणि बुके हातात घेतलेल्या आईचा फोटो. फोटो त्याच दिवशीचा पाहिजे. एकदा मला उशीर झाला तर म्हणाला, "फुलं राहू द्या हो, फोटो तेवढा पाठवा." तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा फुलं पाठवतच नव्हता. हा हजेरी घेत होता.

त्याचंही खरं होतं. आई फोन उचलायची नाही. फोन कापडांच्या ढिगाखाली आणि वर मशीनचा खडखडाट. शिवाय उचलला की तो एकच पालुपद लावायचा, आई इकडे ये. मध्ये ती मोरीत पडली. मनगट सुजलं ते तिने लपवलं, त्याला कुठून तरी कळलं, तो धावत आला आणि बजावून गेला, "पुन्हा असं काही झालं ना, तर मी ऐकणार नाही. घराला कुलूप, मशीन विकायची आणि तू माझ्याबरोबर."

हे तिनेच मला सांगितलं. फोटो काढताना ती बुके नेमका तोंडासमोर धरायची.

"अहो, चेहरा दिसू द्या की!"

"थोबाड कशाला पाहिजे त्याला? हात दिसतायत ना? चालतायत ना? बास." मग जरा वेळाने, "तू गेली असतीस का गं? चौथ्या मजल्यावर? सून तयार कपडे आणते नि मला म्हणते, आई, तुम्ही आराम करा. आराम काय, मेल्यावर आहेच."

तर त्या रविवारी मी बुके घेऊन गेले आणि दार आतून बंद.

कडी वाजवली. हाका मारल्या. मशीन गप्प. खिडकीचा पडदा ओढलेला. आत फोन वाजायला लागला, वाजून वाजून थांबला, आणि लगेच माझ्या खिशातला वाजला.

"दिलीत फुलं?" मुलगा.

"देतेय."

"फोटो?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "दार उघडत नाहीयेत त्या."

 मग त्याचा आवाज आला तो त्याचा नव्हताच. "सकाळपासून करतोय फोन. आतून बंद आहे? दार फोडा. मी निघतोय, स्टँडवरच चाललोय, पण तुम्ही दार फोडा!"

"थांबा, आधी मागून बघू द्या मला," असं म्हणून मी फोन कापला.

माझे हात गार पडले होते. एरवी रागाने गरम असतात. मागचं फाटकही आतून लावलेलं. गल्लीत दुपारची सामसूम. फक्त धाकटी आपल्या पायरीवर लसूण सोलत बसली होती, जणू जगात दुसरं काही चाललेलंच नाही.

"अहो, थोरलीबाईंना बघितलंत का?"

"आमचं बोलणं नाही," धाकटी म्हणाली आणि सालं फुंकली.

हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. थोरलीच्या ओल्या चादरीचं पाणी धाकटीच्या नव्याने रंगवलेल्या बाकड्यावर गळलं, एवढ्यावरून भांडण. मोठ्या मोठ्या लढायासुद्धा कधीतरी संपतात, ही चादर मात्र वर्षानुवर्षं वाळतच होती.

"बोलता का ते नाही विचारलं मी! बघितलंत का ते विचारतेय. तिकडे मुलगा रडकुंडीला आलाय, दार फोडा म्हणतोय आणि तुम्ही लसूण काय सोलताय!"

"बघितलंय की. सकाळपासून बघतेच आहे." आणि तिने लसणाने चिकट झालेलं बोट वर केलं.

मी वर पाहिलं. थोरलीच्या घराचं सपाट छत, त्यावर काळी टाकी, आणि टाकीच्या आडून डोकावणारी एक छत्री. छत्री हलली.

"ठेवला का त्याने फोन?" छत्रीतून आवाज आला.

मी मटकन खालीच बसले. धाकटीच्या पायरीवर, लसणाच्या सालांत. जिवंत आहे. म्हातारी जिवंत आहे. हसू की शिव्या देऊ कळेना. मी दोन्ही केलं.

"मी एवढ्या हाका मारल्या, तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"आधी डोळा लागला होता, मग बघते तर तुझ्या कानाला फोन! तुला ओ दिली असती तर त्याला ऐकू गेली असती ना! टाकीचा फ्लोट अडकला होता, पाणी वाहून चाललं होतं. चढले, फ्लोट सोडवला, आणि मेली शिडी सटकली. त्याला कळलं की आई या वयात छतावर चढते, तर आजच्या आज उचलून नेईल मला."

"आणि ही छत्री कुठून आली?"

धाकटी घाईघाईने सालं गोळा करायला लागली. मग मी धाकटीच्या दाराशी टेकवलेली फळं उतरवायची लांब काठी पाहिली. तिच्या टोकाला अजून सुतळी होती.

"तुम्ही दिलीत?"

"ऊन लागत होतं," धाकटी दुसरीकडे बघत म्हणाली. "पाण्याची बाटली पण दिलीय."

"छत्री दिलीत, पाणी दिलंत, मग शिडी का नाही लावलीत?"

"शिडी तिच्या अंगणात पडलीय. माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस, असं तिनेच सांगितलंय. चादरीच्या वेळी."

"मग कुणाला तरी बोलवायचं!"

"तिने बोलवावं. तोंड तिला आहे."

वरून आवाज आला, "तिला सांग, मोडक्या काडीची छत्री देऊन उपकार करू नयेत."

"तिला सांग, मग टाक म्हणावं खाली."

छत्री काही खाली आली नाही.

मला असली माणसं बघितली की वाटतं, दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीत. एक उन्हात वाळेल पण हाक मारणार नाही. दुसरी काठीला सुतळी बांधून पाणी पोचवेल पण "उतरवू का?" एवढं विचारणार नाही. आणि याला म्हणायचं मान! मी चपला काढल्या, दोन अंगणांमधली बुटकी भिंत चढले, बुके भिंतीवर ठेवला आणि पलीकडे उडी मारली.

शिडी लाकडाची, जुनी. उभी केली तर खालची फरशी उतरती, शिडी सारखी घसरायला बघायची. मी खांदा लावला, पाय अडवला, तरी एकटीने भागेना. भिंतीपलीकडून धाकटी बघत होती. लसणाचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शिव्या. शिव्यांमागून धाकटी भिंतीवर आली, आणि येता येता माझ्या बुकेवर गुडघा टेकवून इकडे उतरली.

"फुलं!"

"फुलं काय करायचीत? धर तिकडून."

दोघींनी शिडी धरली. थोरलीने कठड्यावरून पाय बाहेर काढला, खाली पाहिलं, आणि पाय परत आत घेतला.

"ती धरणार असेल तर मी इथेच बरी."

माझा पारा चढला. "राहा मग! खुशाल राहा! मुलगा निघालाय तुमचा. येईल, स्वतः उतरवेल, मशीन विकेल आणि तुम्हाला गाडीत घालेल. गाव नीट बघून घ्या वरून, पुन्हा दिसायचं नाही!"

 मग पाय परत बाहेर आला.

ती उलटी उतरायला लागली. एक पायरी, मग दुसरी. मधली एक पायरी निखळलेली होती आणि थोरलीचा पाय हवेत ती शोधत होता. शिडी करकरली. 

"अगं डावा! डावा पाय खाली घे, आणखी खाली!" धाकटी ओरडली.

"कळतंय मला! तू हलवू नकोस आधी!"

"मी कुठे हलवतेय, तूच कापतेयस! कठड्याचा हात सोड. सोड म्हणते ना! मी आहे खाली."

"तू आहेस म्हणूनच भीती वाटतेय!"

पाय टेकला.  एवढ्या वर्षांचा अबोला एका डाव्या पायावर मोडला होता आणि दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं असतं तर तिथेच गप्प बसल्या असत्या नि म्हातारी खाली आपटली असती.

थोरली जमिनीवर आली, दोन पावलं चालली आणि धुणं धुवायच्या दगडावर बसली. तोंड उन्हाने लाल झालेलं. धाकटी अजून शिडी घट्ट धरूनच उभी होती, शिडीवर कुणी नसताना.

"सोडा आता," मी म्हटलं.

"हां," म्हणाली, पण सोडली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. थोरलीने माझं मनगट पकडलं. "सांगू नकोस गं. तुझ्या पाया पडते. मी तिथे नाही जगणार."

मी फोन उचलला. स्पीकर लावला. खरं सांगितलं तर हिचं घर जाणार. खोटं सांगायचं तर माझी जीभ त्या वळणाची नाही. आयुष्यात पहिल्यांदा या फटकळ बाईला बोलायला सुचेना.

"ताई? दार फोडलंत का? आई... ताई, बोला ना काहीतरी!"

धाकटीने शिडी सोडली आणि माझ्या हातातून फोन हिसकावला.

"बोंबलतोस कशाला? तुझी आई माझ्याकडे आहे. सकाळपासून बसलोय गप्पा मारत. मागच्या बाजूने आली, फोन घरात राहिला."



"काकू?"

"मग कोण, तुझा साहेब?"

"तुम्ही... तुम्ही आईशी बोलता?"

धाकटीने दगडावर बसलेल्या थोरलीकडे पाहिलं. "मी बोलते रे. ऐकत नाही ती. डावा म्हटलं की उजवा करते. घे, तूच बोल."

थोरलीने फोन घेतला. "हं... हो... बरी आहे म्हटलं ना... रडतोस काय रस्त्यात उभा राहून, लोक बघतील... हो, तिच्याकडेच... नाही, चहा नाही दिलाय तिने अजून."

"मागितलास का?" धाकटी फिस्कारली.

स्पीकर चालूच होता. मुलगा नाक ओढत म्हणाला, "आई, मला वाटायचं तिथे तुझ्या हाकेला ओ द्यायला कुणीच नाही. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात. काकू आहे म्हटल्यावर... मी तिकीट काढलंय. राहू दे का?"

थोरलीने पदराचा कोपरा डोळ्यांना लावला. "राहू दे कशाला? काढलंयस तर ये. राहायला ये. न्यायला नको."

तो हसला. रडता रडता माणूस हसतो तसं, फुटक्या आवाजात. इतके रविवार मी त्या पोराशी बोलत होते, तो हसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते ते आता सांगत नाही.

"पण फोटो पाठवा हां," तो म्हणाला.

सवय जात नाही.

बुके भिंतीवरून उचलला. धाकटीच्या गुडघ्याने शेवंतीचा भुगा झाला होता आणि गुलाब माना टाकून बसले होते. तोंडासमोर धरण्याजोगं त्यात काही उरलंच नव्हतं. थोरलीने धरून पाहिला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि शेवटी मांडीवर ठेवला.

"तुम्हीपण या," मी धाकटीला म्हटलं.

"मी कशाला? मी नाही." असं म्हणत तिने केस सारखे केले, ओल्या हाताने तोंड पुसलं आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मधे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा. दोघींच्या कपाळाला आठ्या. तसाच फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: फुलं चेपलेली का आहेत? मी लिहिलं: वाटेत चेपली. जन्मातलं पहिलं खोटं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मी चपला शोधत होते तेव्हा धाकटी शिडी भिंतीवरून आपल्या अंगणात ओढत होती.

"ए, कुठे नेतेस?" थोरली दगडावरून ओरडली.

"माझ्याकडे राहील आता. लागली की मागायची. तोंडाने."

"चोरटी कुठली! शिडी माझी आहे!"

"असेल. आणि माझी छत्री?"

दोघींनी एकदम वर पाहिलं. मीही पाहिलं. टाकीशेजारी छत्री मजेत उघडी पडली होती, मोडकी काडी बाहेर काढून.

मी चपला हातातच घेतल्या आणि पळ काढला. वर कोण चढणार यावरून मागे जुंपली होती. गल्लीच्या टोकाला मी स्कूटरवर बसले, तरी किल्ली फिरवली नाही. हात पुन्हा गरम झाले होते. दोघींचे आवाज तिथपर्यंत स्वच्छ ऐकू येत होते, आणि मला मुळीच घाई नव्हती.