शेवटची फट

शके १७८६च्या माघात एका सोमवारी दुपारी अमरावतीवर गारा पडल्या. एक चिलीम ओढून संपावी एवढाच वेळ पडल्या, पण लिंबाएवढ्या होत्या. कापूसबाजाराला लागून असलेल्या वखारीचे निम्मे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फुटले. कापसाचा रंग पारखायला उजेड हवा, म्हणून मालकांनी मुंबईहून दोन मोठी काचेची तावदानं आणून छपरात बसवली होती. त्यांचा चुरा खालच्या ढिगात मिसळला. गारा थांबल्या, पाऊस थांबला नाही.

वखारीचे मुनीम वामनराव त्याच संध्याकाळी देवीदास वाढई, म्हणजे गावचा सुतार, याच्या दारात येऊन उभे राहिले. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता की वामनराव कोणाच्या दारात जात नसत, लोकच त्यांच्याकडे जात. आज त्यांच्या पागोट्यातून पाणी गळत होतं.

"देवीदास, छप्पर झाक. आत्ताच्या आत्ता."

"कवेलू कुठून आनू, मुनीमजी? कुंभाराची भट्टी पान्यात हाये."

"कवेलू राहू दे. फळ्या ठोक."

"फळ्या तरी कुठं हायेत? सेमाडोहकडचं सागवान सारं अकोल्याले चाललं, रेल्वेच्या कामावर. एक ओंडका या गावात उतरून नाई राहिला."

"मंग दारं काढ. दोन बैलबंड्या मोड. माह्या बैठकीतला लाकडी तक्तपोस ने. पन शनिवारी माल अकोल्याच्या रस्त्याले लागला पायजे."

आतून देवीदासाच्या बायकोचा, सत्यवतीचा आवाज आला, "आमचं सोताचं छप्पर दोन वर्सांपासून गळून राहिलं. ते काऊन नाई दिसत कोनाले?"

वामनराव हसले नाहीत. सत्यवती त्यांच्याच वखारीत रेच्यावर बसायची. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं लाकडी यंत्र. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कापूस भरवायचा. वखारीत असे चार रेचे होते आणि चार बाया.

मंगळवारी पहाटेपासून देवीदास छपरावर होता. तीन दारं, दोन बंड्यांच्या फळ्या आणि तो तक्तपोस मिळून भोकं झाकली गेली. फळी फळीवर दोन बोटं चढवून तो खिळे ठोकत होता. खाली बाया भिजलेला कापूस ओढून कोरड्या बाजूला नेत होत्या.

"अरे देवीदासा," गोदाबाई वर पाहून ओरडली. चौघींत ती वयाने मोठी, आणि बाजारभर तिला मावशी म्हणत. "तुही बायको बरोबर तुह्या भोकाखाली बसते. तिच्या डोक्यावर पानी पडलं तं संध्याकाळी तुह्या ताटात पडंन."

"नाई पडत, मावशी."

"एक थेंब पडला," सत्यवती कापसाच्या ढिगाकडे पाहत म्हणाली, "तं मी रेचा सोडून घरी जाईन. मंग मुनीमजी जानोत अन् वाढई जानो."

चौघीही हसल्या. देवीदास हसला नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याने कानाआड केलं असतं. दोन वर्षं घरचं छप्पर राहून गेलं होतं, आणि ती रोज चार भांडी ठिबकणाऱ्या जागी मांडायची, हे त्याच्या मनात होतं. इथं एक थेंब पडू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.

नुसत्या फळ्यांवर तो थांबला नाही. पूर्णेवरच्या नावेच्या फटी कशा बुजवतात ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. वखारीतली टाकाऊ रुई त्याने जवसाच्या तेलात भिजवली, फटीफटीत पटाशीने ठासली, वरून गरम राळ ओतली. राळेवर ओलं तरट अंथरून त्याच्या कडा मातीने लिंपल्या. फळ्या पाणी पिऊन फुगत होत्या, त्यामुळे सांधे आणखीच आवळत होते. संध्याकाळी वामनरावांनी आत उभं राहून वर पाहिलं. एक जागा सोडली तर कुठेही आभाळाचा ठिपका दिसत नव्हता. अंधार एवढा की दिवस मावळायच्या आधीच दोन दिवे लावावे लागले.

फक्त एक फट उरली. दुसऱ्या तावदानाच्या कडेला, हातभर लांब आणि बोटभर रुंद. तिथं पोचेपर्यंत राळ संपली होती.

बुधवारी सकाळी बाया रेच्यावर बसल्या, तर कापूस पुढे जाईना. ओला कापूस रेच्याच्या लाटांना, म्हणजे लाकडी रुळांना, गुंडाळला जायचा आणि दांडा अडायचा. सत्यवतीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"गरम झाला आतून. भाकरीच्या टोपल्यासारखा."

वामनरावांना त्याचा अर्थ ठाऊक होता. ओला ढीग आतून तापला की कापूस पिवळा पडतो, मग त्याला कोणी विचारत नाही. बाहेर ऊन नव्हतं. त्यांनी कोळशाच्या तीन शेगड्या पेटवून आणवल्या, धूर जाऊन निव्वळ इंगळ होईस्तोवर अंगणात ठेवल्या आणि मग आत नेल्या. कापसात ठिणगी उडू नये म्हणून प्रत्येकीवर लोखंडी चाळण पालथी घातली. दारातून वारा येत होता, तो इंगळ फुलवत होता. म्हणून दार लोटून घ्यायला सांगितलं.

"देवीदास, दाराखालून हवा येऊन राहिली. एक तरट ठोक तिथं."

देवीदासाने दाराच्या तळाशी तरटाची दुहेरी पट्टी ठोकली. काम हातासरशी झालं. आतून गोदाबाई म्हणाली, "बाप्पा, माहेरी आल्यासारखं वाटून राहिलं. ऊब हाये, पाऊस नाई, सासू नाई."

"माह्या डोक्यावर थेंब पडून राहिला," सत्यवती म्हणाली.

देवीदासाने दार थोडं उघडून डोकं आत घातलं. "राळ आनाले चाललो. दुपारी बुजवतो."

"मंग मी उठून घरी जाऊ का? बोलली होती मी."

"बस ना वं थोडा वेळ. बाकी सारं कोरडं हाये ना?"

"बाकी ठनठनीत. माह्याच वाट्याले थेंब."

"मुद्दाम ठेवला असंन," गोदाबाई म्हणाली. "दिवसभर त्याची आठवन यावी म्हनून."

माणिकबाई, जी कधी फारशी बोलत नसे, तीही हसली. देवीदासाने दार लोटलं.

राळ मिळवायला त्याला गावभर फिरावं लागलं. ज्याच्या त्याच्या घरावर गारा पडल्या होत्या, ज्याला त्याला राळ हवी होती. शेवटी भगवंतराव रंगाऱ्याकडे थोडी मिळाली. परत आला तेव्हा दुपार झाली होती. त्याने वखारीच्या अंगणात, वळचणीखाली, तीन दगडांवर राळ वितळवली आणि शिडी चढला.

रेच्यांचा आवाज येत नव्हता. चार रेचे चालले की त्यांची करकर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाते. बाया भाकर खात असतील, असं त्याला वाटलं. बरं झालं, तेवढ्यात फट बुजेल.

गुडघे टेकून तो फटीशी बसला. फटीतून ऊब येत होती. मनगटाला ती लागली तेव्हा त्याला बरं वाटलं. दोन दिवस तो पावसात होता. तेलात भिजवलेली रुई त्याने एका टोकापासून ठासत नेली. शेवटचा बोळा अंगठ्याने दाबला. वर राळ ओतली. राळ पसरली आणि थिजली.

"झालं," तो खाली तोंड करून म्हणाला. "आता पडते का थेंब?"

उत्तर आलं नाही. रुसली असेल. त्याने भांडं बाजूला ठेवलं आणि वाट पाहिली. पावसाचा तरटावर पडल्याचा आवाज तेवढा होता.

"गोदामावशी, आता आली का माहेरची ऊब पुरी?"

गोदाबाईने आजवर कोणाचं बोलणं खाली पडू दिलं नव्हतं. देवीदासाने लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्याने फळीवर दोनदा ठोकलं, मग जोरात तिसऱ्यांदा.

त्याने पटाशी घालून आत्ताच भरलेली रुई उपसली. तोंडावर गरम हवा आली. तिला वास होता, पण धूर नव्हता. डोळा लावून पाहिलं. फटीच्या सरळ खाली जमिनीवर पाण्याचा ओला गोल होता आणि तिथं सत्यवती नव्हती. दिवे विझले नव्हते, मंद झाले होते. गोदाबाई ढिगाला टेकून बसली होती, हातात कापूस होता, मान कलली होती. माणिकबाई रेच्याच्या दांड्यावर ओणवी. चौथी, दुर्गाबाई, आडवी. तो डोळा सरकवत गेला. दाराजवळ, बिजागरीच्या बाजूला सत्यवतीचा रेचा होता. थेंब चुकवायला तिने तो तिकडे ओढून नेला असावा. ती रेच्याशेजारी कुशीवर पडली होती.

"अवं!" तो ओरडला. "अवं, आयकते का?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चारचौघांत त्याने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांच्यात कोणी घेत नसे.

"सत्यवती!"

बाजारातल्या लोकांनी माना वळवल्या. "दार उघडा, मुनीमजी, दार!" असं ओरडत त्याने पटाशी फळीखाली घातली. फळी निघेना. खिळे त्याचेच होते, लांब, खालून वळवून ठोकलेले. फळ्या फुगून एकमेकींत बसल्या होत्या. पटाशी मोडली. त्याने वाकस घेतला आणि मुनीमजींचा तक्तपोस मधोमध फोडला. त्या भोकातून तो आत उतरला, उतरला म्हणजे पडलाच, कापसावर. उभा राहताच त्याच्या कानशिलात घण बसायला लागले. तोवर दार उघडलं होतं. वामनराव उंबऱ्यात उभे होते आणि आत पाऊल टाकायचं त्यांना सुचत नव्हतं.

चौघींना अंगणात पावसात आणून निजवलं. बाजार गोळा झाला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तळपाय घासायला घेतले.

"गोदामावशी जित्ती हाये," कोणीतरी म्हणालं. "पाहा, ओठ कसे लाल हायेत."

खरंच लाल होते. नखंही लालसर, नुकती मेंदी धुतल्यासारखी. माणिकबाईचंही तसंच. चौघींत त्या दोघीच धडधाकट दिसत होत्या. म्हणून सगळे त्यांच्याभोवती बसले, त्यांचे हात चोळू लागले, हाका मारू लागले. सत्यवतीचा चेहरा राखेसारखा होता, ओठ काळसर. एका म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहून मान हलवली.

"ही गेली, देवीदास. तिकडे हात लाव, त्या वाचतीन."

देवीदास उठला नाही. त्याने तिचं डोकं मांडीवर एका कुशीला वळवून धरलं आणि तो काहीही न करता तसाच बसला, कारण काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. पाऊस तिच्या गालावर पडत होता. बऱ्याच वेळाने तिच्या पोटात कळ आल्यासारखं झालं आणि ती त्याच्या हातावर ओकली. पाठोपाठ दुर्गाबाई कण्हली.

गोदाबाईचे तळपाय लोक दिवस मावळेपर्यंत घासत होते. ओठ तोवरही लालच होते.

"धूर नव्हता," वामनराव पुन्हा पुन्हा सांगत होते. "मी दोन खेपा दार उघडून पायलं. धूर दिसला असता तं मीच बाहेर काढलं असतं. नुसते इंगळ होते."

देवीदास फुटलेल्या छपराकडे पाहत होता. शेगडी आत ठेवून दार लावू नये, गुंगी येते, हे लेकराला ठाऊक असतं. पण वखार कधी बंद खोली नव्हतीच. कवेलूंच्या सांध्यांतून शंभर जागी आभाळ दिसायचं. तीस वर्षं शेगड्यांचं जे काही वर जायचं ते तिथून निघून जायचं, आणि कोणाला त्याचा विचार करावा लागला नव्हता. ते सगळे सांधे त्याने दोन दिवसांत एकेक करून बुजवले होते.

गुरुवारी वामनराव पुन्हा त्याच्या दारात आले.

"तुह्या कामात खोट नव्हती, देवीदास. मी साऱ्याईले सांगितलं. एक थेंब आला नाई आत."

वामनरावांनी वखारीकडे हात केला.

"पाऊस पडूनच राहिला. ते भोक तेवढं... शेगड्या नाई ठेवत आता. देवाशपथ नाई ठेवत."

"मुनीमजी, एक सांगता का?" देवीदास म्हणाला. "दुपारी मी ती शेवटची फट बुजवली. तवा गोदामावशी अन् माणिकबाई जित्त्या होत्या का?"

वामनरावांनी पागोटं सारखं केलं. आणि ते पावसात निघून गेले.

आत सत्यवती बाजेवर पडून होती. वाटी हातात धरता येत नव्हती, बोटं नीट वळत नव्हती. गारा पडल्याचं तिला आठवत होतं, त्यानंतरचं काही नाही. थेंबाचं बोललेलंही नाही.

"कोन आलं होतं?"

"मुनीमजी."

"गोदामावशी काऊन नाई आली? मी कालपासून पडून हावो, अन् तिचा पत्ता नाई. आल्यावर असं बोलीन तिले..."

देवीदासाने पांघरूण नीट केलं. त्याच्या अंगठ्याच्या नखात अजून राळ होती. रात्रभर घासूनही निघाली नव्हती.

ती थोडा वेळ वर पाहत राहिली. मग चेहरा बाजूला करून म्हणाली, "थेंब पडून राहिला जी माह्या डोक्यावर. आता तरी बुजवा ना."

तो उठला. राळेचं भांडं दाराशीच होतं, त्याने ते ओलांडलं. चुलीजवळून पितळी वाटी आणली, तिची बाज हातभर सरकवली आणि थेंब पडत होता तिथं वाटी ठेवली.