डाव्या अंगठ्याची खाच

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सार्वजनिक बागेतल्या सर्वांत जुन्या माळ्यानं खिशातला घडीचा चाकू दातांनी उघडला. तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. खाली मुकादम उभा होता आणि त्यानं ते पाहिलं.

"काका, चाकू आधी खाली द्या," मुकादम म्हणाला. "मग तुम्ही या."

बागेत चाकूविषयी दोन नियम आहेत. लहान मुलं येतात, म्हणून उघडं पातं कमरेला लावायचं नाही. चाकू घडीचाच हवा, तोही बटण दाबताच उघडणारा नको. आणि दुसरा, ज्याचा चाकू त्यानं तो स्वतःच्या हातानं उघडायचा, स्वतःच्या हातानं मिटायचा. ज्याला हे जमत नाही, त्यानं शिडी चढायची नाही. दुसरा नियम याच माळ्यानं सतरा वर्षांपूर्वी घालून दिला होता. मुकादम तेव्हा त्याच्या हाताखाली कलमं बांधायला शिकत होता.

"दात शाबूत आहेत हे बघून बरं वाटलं," मुकादम म्हणाला. "पण नियमात 'हातानं' असं आहे."

"नियम कोणी केला?"

"तुम्हीच."

"मग मूर्खच होतो मी."

मुकादम हसला, पण चाकू त्यानं परत दिला तो मिटूनच. "सोमवारी दहा वाजता माझ्यासमोर तीनदा उघडा, तीनदा मिटा. जमलं तर शिडी तुमची. नाही जमलं तर फाटक."

फाटक म्हणजे खुर्ची, छत्री आणि तिकिटांचा गठ्ठा. माळ्याच्या निवृत्तीला एक वर्ष आणि आठ महिने उरले होते.

चार महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजव्या हाताची मूठ वळते, पण चिमूट होत नाही. कात्री, करवत, झारी यांना मूठ पुरते. घडीच्या चाकूला चिमूट लागते. पात्याच्या अंगावर नखाएवढी एक खाच असते. तिच्यात अंगठ्याचं नख अडकवायचं, दुसऱ्या बाजूनं बोट लावायचं आणि स्प्रिंगचा जोर मोडून पातं बाहेर ओढायचं. उजव्या हातानं हे होत नव्हतं आणि डाव्या हातानं खाच सापडत नव्हती. घरात सगळ्यांनी दोष जुन्या चाकूच्या स्प्रिंगला दिला.

सगळे म्हणजे बाप आणि लेक, दोघंच. लेक शिवणकाम करते. रस्त्याच्या कडेला तिचं एका खिडकीचं दुकान आहे. बापाला झटका आल्यावर तिनं आधी काय केलं असेल तर त्याच्या पाचही शर्टांची बटणं उसवून बायकांच्या शर्टासारखी दुसऱ्या बाजूला लावली, डाव्या हाताला सोपी जावीत म्हणून. माळी बागेत गेला तेव्हा सोबत्यांनी "वहिनींचा शर्ट घालून आलात काय" म्हणून आठवडाभर पिच्छा पुरवला होता.

शुक्रवारी दुपारी ती एकटीच चाकूवाल्याकडे गेली. बापाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जुनाच बरा आहे.

चाकूवाल्याचं दुकान लांबट आणि अरुंद आहे. पुढे काचेचं कपाट, मागे धार लावायची चाकं. त्यानं फडक्यावर तीन चाकू मांडले.

"कशासाठी हवाय, ताई?"

"रोज खिशात ठेवायला. सुतळी कापायला, साल सोलायला, कलमं बांधायला. आणि दुपारी फळ कापायलाही तोच."

"मग पातं लांब नको आणि मूठ गुळगुळीत नको. ओल्या हातातून निसटते." त्यानं एकेक उघडून दाखवला. पहिल्याची स्प्रिंग मऊ होती. पातं आपण होऊन आल्यासारखं आलं. दुसरा त्याहून घट्ट. तिसरा उघडताना चाकूवाल्याच्याच अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

"मऊ घ्या म्हणत नाही मी," तो म्हणाला. "जो चटकन उघडतो तो चटकन मिटतोही. आणि मिटताना बोट मध्ये आहे की नाही हे विचारत नाही."

तिनं तिन्ही चाकू पुन्हा पुन्हा उघडले, मिटले. सोमवार तिच्या डोक्यात होता. तिनं मऊ चाकू घेतला.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर तिनं तो बापापुढे ठेवला. त्यानं मूठ पाहिली, लाकडाचा वास घेतला, आणि चाकू उजव्या मुठीत धरून डावा अंगठा पात्यावर फिरवला. अंगठा गुळगुळीत पोलादावरून घसरला. खाच पलीकडच्या बाजूला होती. त्यानं चाकू उलटा केला, पोटाशी दाबला आणि धार स्वतःकडे करून पातं ओढून काढलं.

"छान आहे," तो म्हणाला.

"बाबा, असा उघडणार तुम्ही? शिडीवर?"

"तुझी आई असती तर म्हणाली असती, निदान दात तरी वाचले."

ती हसली नाही. तिनं चाकू घेऊन उजव्या हातानं उघडला, मिटला, मग डाव्या हातानं करून पाहिलं. दुकानात तिनं हे एकदाही केलं नव्हतं. समोर दोरीवर बापाचा शर्ट वाळत होता, तिनंच बटणं फिरवलेला.

"उद्या तुम्ही चला," ती म्हणाली. "निवडायचा तुम्ही."

रविवारी चाकूवाल्याचं दुकान अर्धा दिवस उघडं असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातला एकेक चाकू काढून पाहिला. प्रत्येकाची खाच एकाच अंगाला होती.

"चौतीस वर्षं विकतोय," तो म्हणाला. "डावखुरी गिऱ्हाइकं आली असतीलच की. कोणी बोललं नाही."

"आम्हीही नव्हतो बोलणार," माळी म्हणाला. "ही बोलली."

"दुसऱ्या अंगाला खाच पाडून देतो. चाकावर एकदम पाडली तर पातं तापून धार मरेल. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, परत घासायचं. उद्या सकाळी नऊला मिळेल. फक्त कोणत्या चाकूला, ते सांगा."

तिन्ही चाकू पुन्हा फडक्यावर आले. लेकीनं मऊ चाकूही परत आणला होता. चाकूवाल्यानं प्रत्येकाच्या कोऱ्या अंगावर लाखेचा बारीक ठिपका लावला, नख अडकण्यापुरता. माळ्यानं मऊ चाकू तीनदा उघडला, तीनदा मिटला. लेकीनं श्वास सोडला. मग त्यानं दुसरा घेतला. पहिल्यांदा उघडला. दुसऱ्यांदा उघडला. तिसऱ्यांदा पातं अर्ध्यावर येऊन नख सुटलं आणि चाकू खट्‌कन मिटला. बोटं बाहेर होती.

"हा," माळी म्हणाला.

"बाबा, उद्या तीनदा उघडायचाय."

"उद्यानंतर मंगळवार आहे. फांदीत पातं रोवल्यावर मऊ चाकू मिटला, तर मुकादम काय करणार आहे? त्याच्यासमोर उघडला होता, एवढंच सांगेल."

"आणि उद्याच नाही उघडला तर?"

"तर फाटकावर फळं कापायला कामाला येईल."

चाकूवाल्यानं मध्ये तोंड घातलं. "माळीबुवा, स्प्रिंग किंचित घासून देऊ? कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

लेक काही वेळ दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिनं मऊ चाकू फडक्यात गुंडाळून चाकूवाल्याकडे सरकवला. घरी जाताना बाप डाव्या अंगठ्यानं तर्जनी दाबत होता, पुन्हा पुन्हा, आणि ती चालण्याचा वेग त्याच्याशी जुळवून घेत होती.

सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी चाकू हातात आला. नवी खाच जुनीपेक्षा थोडी खोल होती. चाकूवाल्यानं सांगितलं, खोल खाचेत नख जास्त धरतं. पण लाखेच्या ठिपक्यावर घेतलेली चाचणी तंतोतंत लागू पडेल असं तो म्हणणार नाही. माळ्यानं तिथे चाकू उघडून पाहिला नाही. अंगठा उगाच दमवायचा नाही, म्हणाला. त्यानं तो त्या 'वहिनींच्या' शर्टाच्या खिशात ठेवला आणि बागेची वाट धरली. लेकीला साडेनऊला दुकान उघडायचं होतं.

दहा वाजले. सव्वादहा झाले. बापाचा फोन आला नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी तिनं शिलाईचं मशीन थांबवलं आणि स्वतः फोन लावला. घंटा पूर्ण वाजली. कोणी उचलला नाही.

शिडी चढताना फोन कपाटात ठेवायचा, असा बागेत नियम आहे. फाटकावर बसणाऱ्याला तो नियम नाही. पण फाटकावर बसून बापानं तिचा फोन उचलला असता का, हे तिला सांगता येईना.